दगडखाणीत सुरक्षित काम कसे करावे: कडा, सुरुंग, क्रशर आणि अपघातानंतरचे पहिले तास

दगडखाणीतला अपघात अचानक झाला असे आपण म्हणतो, पण कड्यावरून सुटलेला दगड बहुतेक वेळा आदल्या दिवसापासूनच सुटू लागलेला असतो. भेग थोडी रुंदावलेली असते, सांध्यातून पाणी झिरपत असते, काल संध्याकाळी नव्हती ती बारीक कच आज सकाळी पायथ्याशी पडलेली असते. ती पाहायला मात्र कोणी नेमलेले नसते. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या काळ्या दगडाच्या खाणींवर मी आधी मेट (खाणीतल्या कामावर देखरेख करणारा) आणि नंतर फोरमन म्हणून एकवीस वर्षे काम केले. त्या काळात जे अपघात मी पाहिले, त्यांतला एकही असा नव्हता की ज्याची खूण आधी दिसली नसती. म्हणून या मार्गदर्शिकेचा भर दोनच गोष्टींवर आहे: काम सुरू करण्याआधी खाण नीट पाहणे, आणि धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार खाणीत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाकडे असणे.

हे लेखन लहान आणि मध्यम खाणींचे मालक, मुकादम, मेट, डंपरचालक आणि क्रशरवर काम करणारे स्त्री-पुरुष यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांच्या खाणींत सुरक्षा अधिकारी असतो, नकाशे असतात, नोंदवह्या असतात. आपल्याकडे मात्र खडी आणि डबर पुरवणाऱ्या असंख्य खाणी अशा आहेत की तिथे एक पोकलेन, दोन-तीन डंपर, एक क्रशर आणि पंधरा-वीस माणसे एवढाच कारभार असतो. अशा ठिकाणी सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेलेच नसते. पहिले काम म्हणून ते ठरवावे आणि त्या माणसाचे नाव खाणीच्या फाटकावर लिहून लावावे.

आपल्या खाणीला खाणींचा कायदा लागू होत नाही, असे अनेक मालक मनापासून समजतात. १९५२ च्या खाण अधिनियमाने बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, जांभा अशा खनिजांच्या उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती हे खरे. पण त्या सुटीला तीन अटी होत्या: खोदाईची खोली सर्वात उंच बिंदूपासून सर्वात खालच्या बिंदूपर्यंत कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत, आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत. यांतली एक अट मोडली तरी सूट संपते. काळा दगड सुरुंगाशिवाय क्वचितच निघतो आणि ६ मीटर म्हणजे जेमतेम दोन मजल्यांची उंची, तेव्हा आपली खाण कुठे बसते हे मालकाने स्वतःच मोजून पाहावे. तो अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत सामावला गेला आहे. देखरेख पूर्वीप्रमाणेच धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची आहे. कायद्याबद्दल एवढे पुरे. आता खाणीत उतरू.

कडा वाचणे

दख्खनचा काळा पाषाण कठीण असतो, म्हणून त्याचा उभा कडा पक्का असेल असा समज होतो. हा समज घातक आहे. हा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला आहे. थंड होताना त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा राहिला. वरचा दगड कितीही कठीण असला तरी तो या पट्ट्यावर बसलेला असतो. पट्टा पाण्याने भिजला की साबणासारखा निसरडा होतो आणि वरची शिळा सांध्यापासून सुटून पुढे सरकते. आपल्या कड्यात असा तांबडा पट्टा आहे का, तो खाणीच्या बाजूला उतरता आहे की आतल्या बाजूला, हे ज्या मेटला सांगता येत नाही त्याने अजून आपली खाण पाहिलेली नाही. पट्टा खाणीच्या बाजूला उतरत असेल तर त्या बाजूचे काम पावसाळ्यात बंदच ठेवावे.

रोज सकाळी, एकही माणूस पायथ्याशी जाण्याआधी, मेटने कड्याची पाहणी वरून खाली करावी. आधी कड्याच्या माथ्यावर जाऊन काठापासून आत चालत जावे आणि जमिनीला काठाशी समांतर नवी भेग पडली आहे का ते पाहावे. अशी भेग म्हणजे कडा पुढे झुकू लागल्याची खूण असते. भेग जुनी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याने एकेक खूण करून दोहोंतील अंतर रोज टेपने मोजावे आणि वहीत लिहावे. अंतर वाढत असेल तर खालचे काम त्याच क्षणी थांबवावे. काठापासून ३ मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा मातीचा ढीग राहू देऊ नये. धातू खाण विनियमांत हे अंतर लिहिलेलेच आहे, आणि त्यामागचे कारण साधे आहे: गुरे चरता चरता काठाशी येतात, एक गोटा पायाने ढकलला जातो आणि खाली वाकलेल्या माणसाच्या मानेवर पडतो.

मग येते पहार लावण्याचे काम. सुटा वाटणारा दगड पहारीच्या टोकाने ठोकावा आणि कान द्यावा. पक्का दगड खणखणीत वाजतो, हाताला झिणझिण्या येतात. आतून सुटलेला दगड बद्द आवाज करतो आणि पहारीचा मार त्यात जिरल्यासारखा वाटतो. दगडाच्या सांध्यावर दुसऱ्या हाताची बोटे ठेवून ठोकले तर सुटलेल्या दगडाची थरथर बोटांना कळते. बद्द वाजलेला दगड तिथेच पाडावा, 'नंतर बघू' म्हणून सोडू नये. पाडणाऱ्याने दगडाच्या वरच्या अंगाला आणि बाजूला उभे राहावे, खाली कधीही नाही. मागे सरकायला वाट मोकळी आहे ना, हे आधी पाहावे. १.८ मीटरपेक्षा जास्त उंचीवर पडण्याचा धोका असेल तर कमरेला नव्हे, अंगभर बांधायचा पट्टा लावावा आणि त्याची दोरी माथ्यावरच्या पक्क्या मेखेला किंवा खडकाला बांधावी. ही दोरी दुसऱ्या माणसाच्या हातात देण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती ताबडतोब बंद करावी, कारण त्यात एकाऐवजी दोन माणसे खाली येतात.

कडा एकसंध उभा ठेवू नये, पायऱ्या पाडत खाली जावे. वरचा मातीचा आणि मुरमाचा थर ४५ अंशांपेक्षा जास्त उभा ठेवू नये. तेवढा उतार देता येत नसेल तर दीड मीटर उंचीच्या पायऱ्या कराव्यात आणि पायरीची रुंदी तिच्या उंचीइतकी तरी ठेवावी. खालच्या कठीण दगडात पायरीची उंची पोकलेनच्या बकेटच्या आवाक्यात राहील अशी असावी, म्हणजे वरचा सुटा दगड यंत्राने पाडता येतो, त्यासाठी माणूस चढवावा लागत नाही. कड्याला खालून पोखरणे हा तर निव्वळ आत्मघात आहे. तरीही तो होतो, कारण खालचा दगड सहज निघतो आणि मजुरी ब्रासवर असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि जितके ब्रास तितके पैसे. ज्याचे पोट ब्रासवर आहे तो सकाळची पाऊण तास पाहणी स्वतःच्या खिशातून कशी करील? म्हणून मालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पाहणीचा आणि पहार लावण्याचा वेळ रोजंदारीवर धरावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. कोणत्याही हेल्मेटपेक्षा या एका बदलाने जास्त जीव वाचतील, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

हे मत कसे बनले तेही सांगतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी, जुलै महिन्यात, दोन दिवसांच्या झडीनंतर लख्ख ऊन पडले होते. मी सकाळी कडा खालून पाहिला, माथ्यावर गेलो नाही, कारण वाट चिखलाची होती आणि डंपर उभे होते. दुपारी चौघे जण भाकरी खायला कड्याच्या सावलीत बसले. तांबड्या पट्ट्यावरून पाच-सहा फूट लांबीची शिळा घसरली. आवाज आला तो दगड फुटण्याचा नव्हता, ओली गोणी जमिनीवरून ओढावी तसा होता. तिघे उठून पळाले. चौथ्याचा पाय मांडीतून काढावा लागला. संध्याकाळी मी माथ्यावर गेलो तेव्हा काठाच्या आत हातभर अंतरावर भेग होती, आणि तिच्यात गवताची पाती वाकून अडकलेली होती. म्हणजे ती त्या दिवसाची नव्हतीच. त्यानंतर मी दोन नियम पाळले आणि पाळायला लावले. पाऊस झाल्यावर माथा पाहिल्याशिवाय कोणीही खाली उतरायचे नाही; आणि जेवणाची, पाणी पिण्याची, बिडी ओढण्याची जागा कड्याच्या उंचीच्या किमान दीडपट लांब, पत्र्याच्या किंवा गोणपाटाच्या छपराखाली असायची. सावली कड्याजवळच मिळत असेल तर माणूस कड्याजवळच बसणार, त्याला दोष देता येत नाही. सावली करून देणे हे मालकाचे काम आहे.

सुरुंग

सुरुंग लावणे हे परवानाधारक ब्लास्टरचेच काम आहे, आणि स्फोटकांची खरेदी, साठवण आणि वाहतूक २००८ च्या स्फोटके नियमांनुसार, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या परवान्यानेच होऊ शकते. बऱ्याच लहान खाणी स्वतः स्फोटके ठेवत नाहीत. ठेकेदाराची गाडी माल घेऊन येते आणि काम करून जाते. अशा वेळी खाणीच्या मेटने गाडीतून उतरलेल्या स्फोटकांच्या कांड्या आणि त्यांना उडवणारे छोटे डिटोनेटर मोजून घ्यावेत, किती छिद्रांत किती भरले ते लिहावे आणि उरलेला माल गाडीत परत गेला याची सही घ्यावी. हिशेबात एक डिटोनेटर कमी भरला तर तो कोणाच्या तरी खिशात, झोपडीत किंवा ढिगाऱ्यात आहे असे धरूनच शोध घ्यावा. मुलाच्या हाती लागलेला एक डिटोनेटर त्याची बोटे आणि डोळे घेऊन जातो.

उरलेला किंवा जुना माल आपणच जाळून, पुरून वा उडवून टाकण्याचा विचारही करू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात खाणीवरच्या जिलेटिनच्या कांड्यांची गुपचूप विल्हेवाट लावताना स्फोट होऊन सहा माणसे मेली. त्याच्या आदल्याच महिन्यात शिवमोग्गा जिल्ह्यातील हुणसोडू येथे खडीच्या खाणीजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी उडाली होती. निकामी माल परवानाधारक पुरवठादारामार्फतच परत करावा.

छिद्रे भरताना लाकडी काठीच वापरावी. लोखंडी सळई किंवा पहार छिद्रात घालू नये, कारण दगडावर लोखंड घासून पडणारी ठिणगी पुरेशी असते. भरण्याचे काम चालू असलेल्या भागात मोबाईल, बिडी, काडेपेटी नेऊ नये. वळवाच्या दिवसांत ढग दाटून गडगडाट ऐकू आला की भरणे थांबवावे, जोडणी तशीच सोडून सर्वांनी दूर जावे आणि वादळ निघून जाईपर्यंत पहारा ठेवावा. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरांवर केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून बंदी आणली आहे. तरीही आकाशातली वीज कोणत्याही भरलेल्या सुरुंगाला उडवू शकते, हे विसरू नये.

दगड दूरवर उडून घरावर, रस्त्यावर किंवा माणसावर पडण्याची कारणे ठरलेली आहेत: छिद्राच्या पुढे असलेला दगडाचा भार कमी असणे, मध्येच भुसभुशीत थर लागणे, आणि छिद्राच्या तोंडाशी केलेली बुजवण अपुरी असणे. बुजवणीला ओली माती किंवा छिद्रातून निघालेली भुकटी घालण्यापेक्षा बारीक, टोकदार खडी घालावी. ती दाबाखाली एकमेकींत अडकून घट्ट बसते. बुजवणीची लांबी छिद्रापासून कड्याच्या तोंडापर्यंतच्या अंतरापेक्षा शक्यतो कमी नसावी. मोठे बोल्डर फोडायला त्यांच्यावर पुन्हा सुरुंग लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. दगड सर्वात बेभरवशाने उडतात ते याच सुरुंगांत, आणि पोकलेनला लावलेला ब्रेकर तेच काम शांतपणे करतो.

उडवण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि ती आसपासच्या वस्तीला, शाळेला आणि शेतकऱ्यांना माहीत असावी. ५०० मीटरच्या आतल्या प्रत्येक वाटेवर लाल झेंडा घेऊन माणूस उभा करावा आणि त्या प्रत्येकाकडून 'वाट मोकळी' असा निरोप आल्याशिवाय उडवू नये. पायवाटा विसरल्या जातात. शेळ्या राखणारी बाई डांबरी रस्त्याने येत नाही, बांधावरून येते. उडवल्यावर धूर आणि धूळ पूर्ण बसेपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये. धूर तांबूस-पिवळसर दिसला तर तो विषारी आहे असे समजून आणखी लांब राहावे. पहिल्याने फक्त ब्लास्टरने जावे, आवाज आणि छिद्रे यांचा मेळ घालावा, आणि एखादा सुरुंग फसल्याचा संशय असेल तर किमान अर्धा तास कोणालाही तिकडे फिरकू देऊ नये. फसलेल्या छिद्रातली बुजवण उकरून काढू नये. उडालेल्या छिद्राचा जो तळ खडकात शिल्लक राहतो, त्यात पुन्हा ड्रिल घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. छिद्र आयते मिळते, मेहनत वाचते, आणि आत न उडालेली कांडी असते.

सुरुंगानंतर कडा नव्याने हललेला असतो. सकाळची पाहणी झाली होती म्हणून दुपारी ती पुन्हा नको, असे होत नाही. माथा, भेगा, पहार हे सगळे पहिल्यापासून करावे.

डंपर, पोकलेन आणि खाणीतला रस्ता

खाणीत उतरणारा रस्ता १६ मीटर अंतराला १ मीटरपेक्षा जास्त चढाचा नसावा, आणि दरीकडच्या बाजूला सर्वात मोठ्या गाडीच्या टायरच्या उंचीइतका मातीचा बांध असावा. गुडघाभर मुरूम ओतून केलेला बांध भरलेल्या डंपरला अडवत नाही. माल ओतण्याच्या जागीही असाच अडथळा हवा. जिथे कडेची जमीन भुसभुशीत आहे तिथे काठावर न ओतता थोडे आत ओतून मागून ढकलावे.

मागे येणाऱ्या गाडीखाली माणसे सापडण्याचे प्रमाण खाणीत फार आहे, आणि त्याचे कारण केवळ चालकाचा निष्काळजीपणा नसतो. क्लीनर टायर पाहायला खाली उतरलेला असतो, क्रशरचा आवाज इतका असतो की हॉर्न ऐकू येत नाही, आणि आरशाच्या कोपऱ्यात तो दिसत नाही. म्हणून मागे घेताना वाजणारा भोंगा चालू असणे, क्लीनरने चालकाच्या बाजूलाच आरशात दिसेल असे उभे राहणे, आणि पोकलेनच्या फिरण्याच्या घेराबाहेर दगडाच्या ढिगाऱ्यांनी हद्द आखणे या तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात. दुपारच्या सुट्टीत डंपरच्या सावलीत, चाकाजवळ झोपण्याची सवय अनेकांना असते. प्रत्येक चालकाने गाडी सुरू करण्याआधी एक फेरी पायी मारून खाली वाकून पाहावे आणि मगच चावी फिरवावी. ट्रॉली उचललेल्या अवस्थेत तिच्याखाली काम करायचे असेल तर लोखंडी टेकू दिल्याशिवाय डोके आत घालू नये, कारण तेलाचा पाइप फुटायला क्षणही लागत नाही. आणि वरून विजेच्या तारा जात असतील तिथे ट्रॉली उचलण्याची जागाच ठेवू नये.

क्रशर आणि बेल्ट

क्रशरवरचे अपघात कड्यावरच्यापेक्षा लहान दिसतात, पण हात, बोटे आणि केस जातात ते इथेच. बेल्ट जिथे रोलरवर चढतो तिथली फट माणसाला दिसते तेव्हा बोटभर असते आणि तिच्यात सापडलेला हात खांद्यापर्यंत ओढला जातो. सर्व पुली, रोलर आणि फ्लायव्हीलवर जाळीचे किंवा पत्र्याचे गार्ड असावेत. दुरुस्तीसाठी काढलेला गार्ड परत बसवल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाही, हा नियम मुकादमाने स्वतः तपासावा. बेल्टच्या पूर्ण लांबीला दोरी बांधून ती थांबवण्याच्या स्विचला जोडलेली असावी, म्हणजे कुठूनही ओढली की बेल्ट थांबतो.

बेल्टखाली सांडलेली खडी फावड्याने ओढण्याचे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडे असते. पदर खोचला, ओढणी बांधली तरी वाऱ्याने ती सुटते. म्हणून साडीवरून पूर्ण बाह्यांचा, बटणांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल असा पोशाख मालकाने द्यावा, आणि बेल्ट चालू असताना त्याखाली सफाई करण्यास कोणालाही सांगू नये. जबड्यात बोल्डर अडकला की चालू मशीनवर उभे राहून पहारीने हलवण्याची घाई होते. दगड अचानक सुटला की पहार उलटी फेकली जाते आणि ती कोणाच्या छातीत बसेल सांगता येत नाही. मशीन बंद करावे, मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप लावावे, आणि चावी आत उतरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खिशात असावी. 'चालू करू का?' असे ओरडून विचारणे ही सुरक्षा नव्हे. क्रशरच्या आवाजात 'नको' आणि 'हो' सारखेच ऐकू येतात.

धूळ

धुळीने होणारा अपघात दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात. दगडातील मुक्त सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि त्यातून क्षयाचा धोका वाढतो. आपल्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका कमी असते. ग्रॅनाइट, वालुकाश्म आणि गारगोटीच्या दगडात ती भरपूर असते. पण कमी म्हणजे सुरक्षित असे धरून तोंड उघडे ठेवून काम करणे चूक आहे, कारण क्रशरजवळची धूळ इतकी दाट असते की बारीक कण कोणत्याही दगडाचे असोत, फुप्फुसाला ते सोसत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर मोठी धूळ अडवतो. जी धूळ खरी घातक असते ती डोळ्यांना दिसत नाही आणि कापडातून सहज आत जाते. पहिला उपाय पाण्याचा: ड्रिल पाणी सोडून चालवावे, क्रशरच्या तोंडाशी आणि बेल्ट जिथे माल ओततो तिथे फवारे असावेत, बेल्टवर पत्र्याचे आच्छादन असावे, रस्त्यावर टँकर फिरवावा. त्यानंतर गरज राहील तिथे एन-९५ दर्जाचा मास्क द्यावा आणि तो मळला की बदलून द्यावा.

कामावर घेताना आणि त्यानंतर किमान दर ५ वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह वैद्यकीय तपासणी व्हावी. तपासणीचा कागद मजुराने स्वतःजवळ ठेवावा. खाणी बदलत राहतात, ठेकेदार बदलत राहतात. दम लागू लागल्यावर आपण कुठे किती वर्षे काम केले हे सांगायला तोच कागद उपयोगी पडतो. ड्रिलवाले आणि क्रशरवाले यांची श्रवणचाचणीही करावी आणि कानांना बोळे नव्हे, योग्य इअरप्लग द्यावेत.

खाणीवर मुले असू नयेत. १८ वर्षांखालील कोणालाही कामाला लावणे बेकायदा आहेच, पण आईबरोबर आलेले मूल ढिगाऱ्यावर खेळत असते, हा धोकाही तितकाच मोठा आहे. पुण्याजवळ वाघोली परिसरात संतुलन संस्थेने खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाणशाळा चालवल्या, त्यामागे हीच जाणीव होती. निदान कुंपण घातलेली सावलीची जागा आणि मुलांना सांभाळायला पगारी बाई एवढे तरी प्रत्येक खाणीने करावे.

सोडलेल्या खाणी पावसाने भरतात आणि उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुले त्यात बुडतात. नदीत किंवा तळ्यात असतो तसा उतार इथे नसतो. काठावरून एक पाऊल पुढे टाकले की तीस-चाळीस फूट पाणी असते आणि बाहेर यायला धरायला काही नसते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिरेखाणींच्या भिंती यंत्राने कापल्यामुळे तर अगदी सरळ उभ्या असतात. खाण सोडताना तारेचे कुंपण, एका बाजूने तरी वर येता येईल असा उतार, आणि काठावर दोर बांधलेली ट्यूब ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

अपघात झाल्यावर

पहिली धाव जखमीकडे घेण्याआधी वर पाहावे. एक दगड सुटला तिथून दुसरा सुटू शकतो, आणि मदतीला धावलेली माणसे त्याखाली येतात. एकाला कड्यावर नजर ठेवायला उभे करावे, यंत्रे आणि वीज बंद करावी, १०८ ला फोन करून खाणीचे नाव, जवळची खूण आणि कोणत्या फाट्यावर माणूस उभा आहे ते सांगावे. खाणीत मोबाईलला रेंज कुठे मिळते हे प्रत्येकाला आधीपासून माहीत असावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाचा बोळा जखमेवर घट्ट दाबून धरावा आणि उचलून पाहू नये. उंचावरून पडलेल्या किंवा पाठीवर दगड बसलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ राहील असे फळीवर किंवा स्ट्रेचरवर सरकवावे. खाणीवर स्ट्रेचर नसेल तर निदान सहा फुटी फळी आणि चार पट्टे कायम ठेवावेत. पाय दगडाखाली बराच वेळ दाबला गेला असेल तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना किती वाजल्यापासून दाबलेला होता ते सांगावे, कारण दाब सुटल्यावर रक्तात उतरणारे घटक हृदयाला आणि मूत्रपिंडाला धोका करतात. डोळ्यात कपची गेली तर चोळू नये, पाण्याचा दाब देऊ नये, डोळ्यावर कागदी पेल्याचे झाकण बांधून न्यावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. आपल्याकडे हे प्रेमाने केले जाते आणि त्याने माणूस गुदमरतो.

मृत्यू झाला असेल तर जखमींना काढणे आणि पुढचा धोका टाळणे याखेरीज जागा हलवू नये. निरीक्षकाची पाहणी होईपर्यंत ती तशीच ठेवावी लागते. ७२ तासांत कोणी आले नाही तरच काम पुन्हा सुरू करता येते. दगड हलवून, रक्त धुऊन, हेल्मेट नसलेल्या माणसाच्या उशाशी हेल्मेट ठेवून जागा 'नीट' करण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्याने मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा हक्क मारला जातो. आणि तो दगड का सुटला हे कोणालाच कळत नाही, म्हणून पुढच्या पावसात तोच कडा पुन्हा कोसळतो.

भरपाईचा दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो, आणि दाव्यात पहिला प्रश्न येतो तो हा माणूस त्या खाणीवर कामाला होता याचा पुरावा काय. ठेकेदाराच्या वहीत अनेकदा नुसते 'दादा + ४' असे लिहिलेले असते. म्हणून प्रत्येक मजुराचे पूर्ण नाव, गाव आणि दर हजेरीपटात लिहून घ्यावे. मजुरांनी दर आठवड्याला त्या पानाचा आणि मजुरीच्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढून गावाकडच्या माणसाला पाठवून ठेवावा.